वरचे चार दात

"हस."

मी हसले.

"तशी नाही. दात दाखव."

बाईंच्या दिवाणखान्यात आम्ही पाचजणी रांगेत उभ्या होतो. बालवाडीत शिक्षिकेची एकच जागा होती. बाई बालवाडीच्या अध्यक्ष आणि डॉक्टरांच्या पत्नी. कोल्हापुरातलं नावाजलेलं घर. माझे अब्बा पिंजारी. दरवर्षी ह्याच घरच्या गाद्या मागच्या अंगणात उसवायचे, कापूस पिंजून पुन्हा भरायचे. पुढच्या दारानं आत जायची माझी पहिलीच वेळ.

मी दात दाखवले. करडे, मध्येच तपकिरी पट्टे. बाईंनी नाकाला पदर लावला.

"मिश्री लावतेस?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. मोरीत जा, घासून ये."

मोलकरणीनं हातावर राखुंडी ठेवली. मी घासत राहिले. मोरीचं दार उघडं, बाकीच्या चौघी बघतायत. हिरड्यांतून रक्त आलं. रंग तसाच राहिला.

परत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "मुलं घाबरतील ग तुला. हे दात काढून घे, जागा तुला देते. ह्यांच्या भाच्यानं दातांचा दवाखाना उघडलाय. पैसे घेणार नाही तो."

मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

अब्बा हरखून गेले. पोरगी मास्तरीण होणार, असं आमच्या गावात, गडमुडशिंगीत, घरोघरी सांगून आले. "मोठ्या मान्सांची मेहेरबानी हाय," म्हणाले. "न्हाय म्हणू नगंस."

सोमवारी भाच्याच्या दवाखान्यात गेलो. दुसरा पेशंट कुणीच नव्हता. अब्बा बाहेर बाकावर टेकले. आत स्टोव्हवर सुया उकळत होत्या, भांड्याचं झाकण खडखडत होतं. खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये फडक्याखाली काहीतरी लांबट झाकून ठेवलेलं. माझी नजर तिथून हलेना.

भाचा तरुण होता, बोलायला नीट. आरसा घालून त्यानं एकेक दात ठोकून बघितला. म्हणाला, खरवडून हा रंग जाणार नाही, तो आतून आहे. दात कानसून वर टोप्या बसवता येतात, पण त्या मुंबईहून करून आणाव्या लागतात, तुम्हाला परवडणार नाहीत. राहिलं एकच. वरचे समोरचे चार काढायचे आणि खोटे बसवायचे.

"किडल्यात का?" मी विचारलं.

"छे, चांगले भक्कम आहेत. काढायला जोर लागेल. माझाही हात बसेल."

मग कार्ड भरता भरता त्यानं विचारलं, "लहानपणी काही आजार?"

होता. तीन वर्षांची असताना सारखा खोकला. अब्बा मला बाईंच्या घरच्या डॉक्टरांकडेच आणायचे. डॉक्टर पिवळं, गोड औषध द्यायचे. फुकट. औषध कंपन्यांची माणसं त्यांच्याकडे बाटल्या ठेवून जायची, त्यातलं. दोन वर्षं मी ते प्याले. आईनं त्यातला थेंब कधी सांडू दिला नाही.

त्याचं पेन थांबलं. "मामांनी दिलं?"

"व्हय."

त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्या औषधानंच झालंय हे. लहान मुलांना देऊ नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात." "बाहेर बोलू नकोस. मामांचं नाव आहे गावात."

आणि त्यानं चिमट्यावरचं फडकं उचललं. सुईत भुलीचं औषध भरलं.

"चल. तोंड उघड."

औषध ह्यांचं. मोरी ह्यांची. आता चिमटाही ह्यांचाच. भक्कम दात उपटून घ्यायचे आणि वर उपकार मानायचे.

मी तोंड मिटलं.

त्यानं हनुवटी धरली. मी त्याचा हात झिडकारला. त्यानं अब्बांना आत बोलावलं.

"उघड की गं," अब्बा म्हणाले. "सायब थांबल्यात." त्यांनी त्या पोरसवदा डॉक्टरापुढं हात जोडले होते. ते बघून मी खुर्चीतून उठले.

"न्हाय उघडणार. ह्यांच्या मामाच्या औषधानं माझं दात असं झाल्यात, अब्बा. इचारा ह्यास्नी."

अब्बांनी विचारलं नाही. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं सुई ट्रेमध्ये ठेवली, पण 'नाही' म्हणाला नाही. अब्बांचे हात हळूहळू खाली आले.

जागा गेली. गाद्यांचं कामही गेलं. पोरीला आवर, असा डॉक्टरांचा निरोप अब्बांना आला.

पुढच्या सोमवारी मी एकटी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. हातकणंगल्याकडच्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कंपाउंडरनं खिडकीतून एकीच्या हातात पिवळी बाटली ठेवली. तिच्या कडेवरचं पोर दोनेक वर्षांचं. "फुकट दिलं की," ती शेजारणीला कौतुकानं सांगत होती.

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. ओठ मागं ओढून सगळे दात दाखवले.

"मलाबी फुकटच दिलतं," मी म्हणाले.

तिनं बाटलीकडे बघितलं, मग पोराच्या तोंडाकडे. बाटली खिडकीत परत ठेवून ती बाहेर पडली. डॉक्टर आतून आले. पोलिसात देईन, म्हणाले. द्या, म्हटलं. तिथंबी हेच दाखवीन.

त्यानंतर दर सोमवारी मी तिथं जाते. पायरीवरून हाकलतात, मग रस्त्यावर उभी राहते. त्या खिडकीतून लेकरांना ती बाटली मिळायची बंद होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.