ठसेवाल्या मावशी आणि फरशीवाला

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत येणाऱ्या परदेशी माणसाची पहिली गाठ मावशींशी पडायची. पासपोर्ट, गेल्या पाच वर्षांतले राहण्याचे पत्ते, फोटो आणि दहा बोटांचे ठसे एवढं सगळं सुरक्षा खात्याकडे पाठवावं लागे. तिकडून होकार आला तरच शिक्षकाने त्याला विमानात बसवायचं, असा नियम. तो होकार आणायचं काम गेली एकोणीस वर्षं मावशींकडे होतं. त्यांना सगळे ठसेवाल्या मावशी म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

मावशी स्वतःही लग्न करून परक्या देशातून इथे आलेल्या. पहिल्याच वर्षी परवाना कचेरीतल्या कारकुनाने त्यांचा फॉर्म चार वेळा परत केला होता, आणि काय चुकलं ते एकदाही सांगितलं नव्हतं. शेवटी रांगेतल्या एका बाईने दाखवलं, की जन्मतारखेत महिना आधी लिहायचा होता. पुढे शाळेत नोकरी लागली तेव्हा मावशींनी मनाशी पक्कं केलं, की आपल्या टेबलावरून कुणी कारण न कळता परत जाणार नाही.

एका सोमवारी त्यांच्यासमोर एक रुंद खांद्यांचा माणूस येऊन बसला. वय पंचेचाळीस, धंदा फरशा बसवण्याचा, या देशात येऊन सोळा वर्षं झालेली. मुलगी नोकरीला लागली, तेव्हा बायकोनेच त्याला म्हटलं होतं, "आता तरी शिका ते विमान. विमान गेलं की अजून जेवणावरून उठता तुम्ही."

त्याचे कागद इतके नीट लावलेले होते, की बोट ठेवायला जागा नव्हती. पंचाईत झाली ती बोटांचीच. मावशींनी यंत्राच्या काचेवर त्याचा अंगठा टेकवला, तर पडद्यावर नुसता करडा डाग. सिमेंट आणि दगडी भुकटीने बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. त्यातल्या त्यात बरे ठसे मावशींनी पाठवले. बारा दिवसांनी नकार आला, ठसे वाचता येत नाहीत म्हणून. पुन्हा घेतले, पुन्हा नकार. आता एकच खेप उरली होती. तीही फुकट गेली की अर्ज बंद.

फरशीवाला तोवर वर्गातले धडे गिरवत होता. वारा, ढग, नकाशे, सगळं त्याला तोंडपाठ. उडवायला शिकवणारा तरुण शिक्षक त्याच्यावर खूश होता. तो एकदा मावशींच्या दाराशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, माणूस सोन्यासारखा आहे. एक फेरी मारून आणतो. कागद काय, येतील मागून."

"नाही," मावशी म्हणाल्या.

"आपण ओळखतो ना त्याला."

"ओळखतो म्हणूनच नाही. उद्या कुणी विचारलं, तर आधी त्याचंच नाव खराब होईल, आपलं नाही."

शिक्षक चेहरा पाडून गेला. फरशीवाल्याने मात्र हे ऐकलं होतं. तो आत आला आणि उभ्या उभ्याच बोलला, "मावशी, या गावातल्या निम्म्या घरांत माझ्या हातची फरशी आहे. लोक माझ्याकडे घराची किल्ली देऊन कामाला जातात. आणि मी कोण ते यांना अजून ठरवता येत नाही?"

मावशींनी त्याला बसायला सांगितलं. "मीही एकदा असंच म्हटलं होतं, रडत रडत," त्या म्हणाल्या. "विमान हातात द्यायचं तर खात्री करणारच. ते मला पटतं. पण खात्री करून घ्यायला तुमच्या बोटांना थोडी विश्रांती हवी. तीन आठवडे सिमेंटला शिवायचं नाही. दिवसातून चारदा मलम. जमेल?"

"हात बांधून बसू तीन आठवडे?"

"बसा. कातडी भरून येते, रेघाही परत येतात. हे मला ठसे घेणाऱ्या एका म्हाताऱ्या हवालदाराने शिकवलंय."

त्याने कामगारांवर काम सोपवलं आणि खुर्ची टाकून लांबून सूचना देऊ लागला. कामगार वैतागले. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोचा मावशींना फोन आला. "एक विचारायचं होतं. भांडी घासायलाही नियमात मनाई आहे का? हे म्हणतात, मावशींनी सांगितलंय."

मावशींना हसू आवरेना. "मी सिमेंट म्हटलं होतं. साबणही नकोच म्हणा, पण घरात रबरी हातमोजे असतील ना?"

"आहेत. दोन जोड आहेत," बायको समाधानाने म्हणाली.

तीन आठवड्यांनी मावशींनी यंत्र बाजूला ठेवलं आणि शाई काढली. काचेच्या पट्टीवर शाईचा अगदी पातळ थर फिरवला. फरशीवाल्याला म्हणाल्या, "हात सैल सोडा. दाबायचं नाही, मी फिरवते." एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी एकेक बोट अलगद कागदावर लोळवलं. डावी करंगळी दोनदा फसली, तिसऱ्यांदा उमटली. भिंगातून पाहिल्यावर सगळ्या ठशांत बारीक रेघांची वळणं दिसत होती. फरशीवाला स्वतःच्याच अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

नऊ दिवसांनी होकार आला. मावशींनी तो दोनदा वाचला, मग शिक्षकाला हाक मारली. तासाभरात छोटं पांढरं विमान धावपट्टीवरून वर उठलं. फरशीवाल्याची बायको कुंपणापाशी उभी होती. विमान वळेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता, असं तिनेच मागाहून सांगितलं.

चाळीस मिनिटांनी फरशीवाला खाली उतरला. चेहरा उजळला होता. मावशी पुढे होऊन म्हणाल्या, "कसं वाटलं?"

तो म्हणाला, "बाजारामागच्या त्या नव्या इमारतीच्या गच्चीवर फरशी तिरकी बसवलीय कुणीतरी. वरून स्पष्ट दिसते."

बायकोने कपाळावर हात मारला. शिक्षक पोट धरून हसला, आणि मावशींना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्या आत आल्या तेव्हा टेबलापाशी दातांची एक डॉक्टरीण वाट बघत बसली होती. पाच वर्षांत तिने अकरा घरं बदलली होती आणि त्यातले तीन पत्ते तिला आठवत नव्हते. मावशींनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "घराचा नंबर राहू द्या. खिडकीतून काय दिसायचं ते सांगा, तिथून शोधू."