विठोबाचे पडदे

वालावलहून कुडाळला जाणाऱ्या वाटेवर, वळणाला, विठोबाची झावळ्यांनी शाकारलेली खोप होती. जन्म मालवणच्या किनाऱ्यावरचा, अर्धं आयुष्य समुद्रात गेलेलं. पुढे उजवा खांदा निखळला आणि जाळं ओढणं सुटलं. बायको गेली. लेक सुभद्रा लग्न होऊन मुंबईला गेली, तिचं पत्र वर्षातून एकदा यायचं. मग विठोबा इथे येऊन सायकलींची पंक्चरं काढू लागला. गिऱ्हाईक नसलं की दिवस दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

त्रेसष्ट सालची गोष्ट. पाऊस ओसरला, डोंगरातली चिऱ्याची खाण सुरू झाली. पण खाणीच्या वाटेवरचा चिखल दिवाळीपर्यंत सुकत नाही. शिवा ड्रायव्हरचा ट्रक गेला की तांबडा चिखल देवळाला जाणाऱ्या माणसांच्या धोतरांवर उडे. लोकांच्या शिव्यांना कंटाळून शिवा खोपीशी थांबला आणि म्हणाला, "काकानू, चाकांच्या मागे रबराचे पडदे लावून देशात?"

विठोबाने जुना टायर पाण्याने भिजवला, सुरीने कापला आणि दोन पडदे केले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालच्या कडेला शिसं ओवलं. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारा माणूस तो. जाळ्याला खाली वजन हवंच, हे त्याच्या हाडात होतं.

चार दिवसांत शिवा फाटका पडदा घेऊन हजर. "ह्यो बघा तुमचो पाग! गाडी मागे घेतलंय आणि चाकाखाली गावलो. अहो, ह्यो ट्रक आसा, होडी न्हय. मासो एक गावूक नाय, पडदो तेवढो गेलो!"

विठोबा हसला. किती दिवसांनी हसला, ते त्यालाच आठवेना. त्याने बिनदुधाचा चहा टाकला. शिवा तासभर बसला, घाटातल्या गमती सांगत राहिला. दुसरी जोडी आठ दिवस टिकली. पुन्हा शिवा, पुन्हा चहा, पुन्हा टवाळी. आता विठोबा सकाळपासून वळणाकडे कान लावून बसू लागला.

पण तिसऱ्या खेपेला शिवा हसला नाही. "काकानू, मालक म्हणता, सावंतवाडीक कारखान्यात बसवून घे."

"एक डाव माका खाणीत ने. खंय फाटता, ता माका बघूचा आसा."

ट्रकमध्ये तो शिवाच्या शेजारी बसला. खाणीत उतरून चाकामागे उकिडवा बसला आणि बघत राहिला. चाक चिखलात रुतलं की पडद्याची कड जमिनीला टेकत होती. ट्रक मागे आला की चाक तीच कड दाबत होतं. आणि खडकाळ उतारावर शिशाचं वजन हिसके देऊन वरची भोकं फाडत होतं. जमिनीवर पडद्याला मोकळं डुलू द्यायला हवं, हे त्याला तिथे कळलं.

खोपीत परत येऊन तो नवी जोडी कापायला बसला. शेजारची आनंदी, वयाने मोठी, कुंपणावरून बघत होती. "विठोबा रे, एवढो टिकावू केलंस तर तो परत कित्याक येतलो?"

तेच त्याच्याही मनात होतं. बोल्टाचं भोक कडेशी पाडलं असतं तर पंधरा दिवसांत पडदा फाटला असता, कोणाला कळलंही नसतं. त्याने सुरीचं टोक कडेशी टेकवलं. बराच वेळ तसंच धरलं. मग चार बोटं आत सरकवून भोक पाडलं. शिसं लावलं नाही. कड जमिनीपासून वीतभर वर ठेवली आणि वरच्या बाजूला लोखंडी पट्टी घालून बोल्ट आवळले.

दिवाळी गेली, चिखलाची धूळ झाली, शिमगा आला. ट्रक रोज जाई, थांबत नसे.

एकदा शिवा चालत्या गाडीतूनच ओरडला, "काकानू, अजून आसत! जरा हलूक नाय!"

विठोबाने हात वर केला. ट्रक वळणावर कलला तसा उजवा पडदा त्याला बोटभर खाली दिसला. हाक मारावी, थांबवावा, असं वाटलं. पण तो रस्त्याचा उतार होता, पडद्याची चूक नव्हती. विठोबाने वर केलेला हात खाली घेतला.