एका फोल्डरसाठी अख्खा कॉम्प्युटर पुसायला निघालेले तज्ज्ञ

आज सासूबाईंचे जुने रिपोर्ट सोलापूरच्या डॉक्टरांना तातडीनं पाठवायचे होते. रिपोर्ट खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर, मेल फक्त माझ्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपवर ते शेअर केलेलं फोल्डर दिसेना.

कळंबच्या दुकानातून तज्ज्ञ आले. पाच मिनिटं की-बोर्ड बडवून म्हणाले, "मॅडम, खालचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारावं लागतंय."

"आणि त्यातले रिपोर्ट?"

"ते जातेत की."

त्यांना बाजूला सारून मी लॅपटॉपचं वायफाय पाहिलं. सकाळी लाइट गेली तेव्हा मीच तो शेजारच्या जाऊबाईंच्या वायफायला जोडला होता; त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे. लाइट आली तरी तो तिकडंच राहिला, आणि खालचा कॉम्प्युटर घरच्या वायफायवर; मग फोल्डर दिसणार कसं? घरचं वायफाय जोडलं, फोल्डर हजर. रिपोर्ट डॉक्टरांना गेले.

"मॅडम, कोर्स केलाय का?"

"न्हाय. आधी बघते, मग बोलते."

तुमच्या घरचं काय काय पुसून गेलेत असले तज्ज्ञ?