मामाला अडवणारा वारा

अमरावती ते अकोला सायकलनं, एकटीनं आणि तेही मे महिन्यात जायचं मी ठरवलं, ते काही तब्येतीसाठी नव्हे. शाळेतल्या बायकांना तब्येतीचं सांगितलं, नवऱ्याला हौस म्हणून सांगितलं. खरं कारण एकच होतं. मला माझ्या मामाच्या दारात घामानं निथळत उभं राहायचं होतं आणि त्याला तोंडावर खोटं पाडायचं होतं.

त्यासाठी आधी माझं लग्न सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वीचा असाच मे महिना, अमरावतीतलं मंगल कार्यालय. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." मी खोलीत मुंडावळ्या बांधून, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून उभी. मामाचा पत्ता नाही. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना त्यांचाही आवाज चिडका झाला. तेवढ्यात कार्यालयाच्या फोनवर अकोल्याहून मामाचा फोन आला. आईनं घेतला, थोडं ऐकलं, ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तिकडं लय वारं-वावधान सुटलं म्हणते. रस्त्यावर झाडं पडले. त्याले येता नाही येत." शेवटी शेजारच्या कंपाउंडर काकांच्या डोक्यावर मामाच्या मानाची टोपी ठेवली आणि ते मला मांडवात घेऊन गेले. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

आता गंमत अशी, की माझं सासरही अकोल्याचंच; अमरावतीत आम्ही सगळे राहायला आलो ते लग्नानंतर, नवऱ्याच्या नोकरीमुळे. अख्खं वऱ्हाड त्याच सकाळी त्याच रस्त्यानं दोन बसगाड्या भरून आलं होतं. झाड सोडा, मोडलेली फांदी कुणाला दिसली नव्हती. मग काय, सासरच्यांना जन्माचं खेळणं मिळालं. पंखा जरा जोरात फिरला की सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, मामाले फोन लावा, वारं सुटलं." पोराच्या बारशाला म्हणाल्या, मुंजीला म्हणाल्या. एकदा दिवाळीत आई फराळ घेऊन आली होती, तिच्यासमोरच म्हणाल्या. सगळी बैठक हसली. आई मान खाली घालून चकलीचे तुकडे करत राहिली. मी आत जाऊन भांडी आपटली. असं वीस वर्षं चाललं. सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले, पण मनातून एक टोमणा कमी झाला असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

मामाशी मी बोलणं टाकलं होतं. आईनंही माहेरी पाऊल टाकलं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. भर पावसाळा होता, वारा असा की दारातला मांडव दोनदा उडाला, आणि बडनेऱ्याजवळ रस्त्यावर खरोखरचं झाड आडवं पडलं होतं. तरी मामा दोन तासांत हजर. भिजलेला, सगळ्या नातेवाइकांच्या आधी. आईच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. लोक म्हणाले, बहिणीवर किती जीव! माझ्या मनात मात्र एवढंच आलं, की आज बरा रस्ता सापडला तुला. त्याच दिवशी मी ठरवलं, की याला दाखवायचंच.

पोरगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याची गिअरची सायकल घरी पडून होती. वर्षभर सकाळी ती चालवली. आधी बडनेरा, मग लोणी, मग त्याच्या पुढे. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि अकोला पश्चिमेलाच. म्हणून मी दिवससुद्धा मुद्दाम निवडला. मोबाइल ज्या दिवशी सोसाट्याचा वारा सांगेल, तोच. पाठीवरच्या वाऱ्यानं जाऊन काय उपयोग होता?

पहाटे साडेचारला निघाले. मूर्तिजापूरपर्यंत वारा नुसता खोड्या काढत होता. नऊ वाजले आणि तो अंगावर आला. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी वावरं, आडोशाला बाभूळसुद्धा नाही, आणि समोरून भट्टीचं दार उघडावं तसा वारा. तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता तरी दातांखाली माती करकरत होती. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. थांबले की सायकल मागे सरकायची. ट्रक शेजारून गेला की आधी आत ओढायचा आणि मग बाहेर ढकलून द्यायचा. एकानं असं ढकललं की मी सरळ मुरमात आडवी. गुडघा सोलवटला. मी आधी घड्याळ बघितलं, मग गुडघा.

प्रत्येक पायडलला एक शिवी, असा माझा हिशेब होता. मला येणाऱ्या शिव्या तशा मोजक्याच, मास्तरीण असल्यामुळे. त्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मधून मधून मामाशी संवाद. मी असं म्हणेन, तो खाली बघेल, मग मी तसं म्हणेन. काही वाक्यं इतकी झकास सुचली की वाऱ्यातही हसू येत होतं.

बोरगाव मंजूच्या अलीकडे एका रसवंतीवर टेकले. रसवाल्यानं दोन ग्लास रस दिला, मग गुडघ्याकडे बघितलं.

"बाई, कुठं चालल्या?"

"अकोल्याले."

"सायकलनं? या वाऱ्यात? काहून?"

"मामाले दाखवाचं हाये, का वाऱ्यात येता येते म्हणून."

तो जरा विचारात पडला. "मंग बसनं जाऊन सांगाचं ना, सायकलनं आली म्हणून. त्याले काय समजते?"

मला त्याचा असा राग आला की अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले.

अडीच वाजता मामाच्या फाटकाशी पोचले. पाय सायकलवरून उतरायला तयार नव्हते. सायकल भिंतीला टेकवली, दुपट्टा सोडला, घाम मुद्दाम पुसला नाही. दार मामानंच उघडलं. बनियन, पायजमा, हातात वर्तमानपत्र. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, माझ्या मनात होता त्यापेक्षा अंगानं कितीतरी लहान दिसत होता. मागे मामी येऊन उभी राहिली.

"वारं होतं मामा," मी दारातूनच म्हटलं. "समोरून. अमरावतीहून सायकलनं आली मी."

तो माझ्याकडे, मग सायकलकडे बघत राहिला. "काहून वं?"

"तुमाले दाखवाले. बावीस वर्षं त्या वाऱ्याचे टोमणे खाल्ले मी. आता माह्या तोंडावर सांगा, त्या दिवशी रस्ता बंद होता?"

"नव्हता," मामा म्हणाला.

इतकं सरळ उत्तर येईल असं शंभर किलोमीटरांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. तयार केलेलं पुढचं वाक्य कुठं बसेना.

"मंग खोटं काहून बोलले?"

"मी नाही बोललो. तुह्या बापानं पत्रिका पोस्टानं धाडली होती. एका बहिणीचा एक भाऊ मी, मले पोस्टानं! मी फोनवर तुह्या मायले म्हटलं, मले मान नाही, मी येत नाही. बस, एवढंच. तिनं फोन ठेवला."

"खरं हाये," मामी म्हणाली. "मी बाजूलेच उभी होती. वाऱ्याचं कोनी नावबी नाही काढलं."

"मले त हे तिच्या तेरवीत समजलं," मामा म्हणाला. "तुह्या चुलत सासऱ्यानं हसून इचारलं, झाड कोनतं पडलं होतं म्हणून. मी त्याच्या तोंडाकडंच पाहून राहिलो. मंग ध्यानात आलं. मांडवात भावाची लाज राखली तिनं." त्यानं पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. "माहं चुकलंच, पोरी. तवाच यायले पायजे होतं."

ज्यासाठी आले होते ते मिळालं, आणि ते हातात घेऊन काय करावं तेच मला कळेना. मामीनं आत नेलं, गुडघ्याला हळद लावली, जेवायला वाढलं. मी जेवले. कूलरसमोर बसून डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रुसलेला मामा प्रत्येक घरात एक असतोच. मानपानासाठी आला नाही असं आईनं सांगितलं असतं, तर सासरचे चार दिवस बोलले असते आणि विसरले असते. ते हसले ते वाऱ्याला. आणि तो वारा आईनं सोडला होता. माझ्यासमोर बसून तिनं ते हसणं ऐकलं, वर्षानुवर्षं ऐकलं, आणि मला एकटीला बाजूला घेऊनसुद्धा कधी एक शब्द सांगितला नाही. तिला आम्हा दोघांतून, मामा आणि मी, एकाची लाज राखायची होती आणि तिनं भाऊ निवडला. मामावर मी आता नीट चिडूही शकत नव्हते. त्याचं निदान एका वाक्याचं पाप होतं.

संध्याकाळच्या बसच्या टपावर सायकल टाकून मी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवाल्यानं नेहमीचा हार दाराला अडकवला. आई गेल्यापासून तिच्या फोटोला रोज हार घालायचा माझा नेम होता. मी तो काढला आणि देवाला घातला. नवऱ्यानं चहा पिताना विचारलं, "फोटोचं राहिलं का?"

"राहिलं नाही," मी म्हटलं. "घालायचा नाहीये."

अजून घातलेला नाही.