नंबराखालची चीर

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. नावं सांगणार नाही, तालुकाही सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून नोकरीत आहेत.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो वारल्यावर त्याच्या जागी लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. ही घटना घडली तेव्हा मी परभणीला मुख्यालयात होते. एका सकाळी साहेबांनी बोलावलं. एका तालुक्याच्या ट्रेझरीच्या गार्डवरच्या महिला शिपायाने रायफलची मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, रागाने आपटून फोडली, असा गार्डच्या जमादाराचा रिपोर्ट होता. आदल्या दिवशी त्याने तिची रजा नाकारली होती. पोरगी नवी, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. आरोप टिकला तर ती घरी जाणार, हे ठरलेलं. बाईचा जबाब बाईने घ्यावा म्हणून मला पाठवलं.

पोरगी रडली नाही. ते मला आवडलं.

"गार्ड बदलताना हातातून निसटली, बाई. आपटायचीच असती तर जमादाराच्या डोक्यात घातली असती."

"हे जबाबात लिहू का?"

"लिहा की."

मी लिहिलं नाही.

मग जमादार. निवृत्तीला टेकलेला, मिशीला काळा रंग. इन्स्पेक्शनला त्याच्या गार्डची दरवर्षी वाहवा व्हायची.

"प्लास्टिकच ते, बाई," तो म्हणाला. "जुनी लोखंडी कितीबी पडू द्या, काय होत न्हाई. ही म्हणजे लोणच्याची बरणी."

"बरणी असेल तर निसटूनही फुटेल."

"न्हाई, एवढी कच्ची न्हाई. आपटल्याबिगर फुटत न्हाई."

एकाच तोंडाने कच्ची आणि पक्की दोन्ही. मी जसंच्या तसं उतरवलं आणि खाली सही घेतली.

स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तेवढ्यात फोन आला. त्याच गार्डवरचा एक शिपाई होता.

"बाई, माझं नाव कुठं घेऊ नका. फुटली कुठून ते बघितलं का? नंबरापाशी बघा. आन् थिनरचा डबा कशाला लागतो ते इचारा."

मी एसटी सोडली आणि परत फिरले.

प्रत्येक मॅगझीनवर पांढऱ्या ऑइलपेंटने रायफलचा नंबर लिहिलेला असतो. इन्स्पेक्शनच्या आधी जुना नंबर थिनरने पुसायचा आणि नवा ठळक लिहायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. लोखंडाला थिनरने काही होत नाही. नव्या रायफली आल्या, मॅगझीन प्लास्टिकची झाली, प्लास्टिक थिनरने ठिसूळ होतं, पण रीत तीच राहिली. फुटलेली मॅगझीन उजेडात धरली. ज्या कोपऱ्यावर पडली तिथे नुसता ओरखडा होता. चीर नंबराखालून निघाली होती आणि तिच्या भोवती केसासारख्या बारीक रेघांचं जाळं होतं.

परभणीला येऊन साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "प्लास्टिक आहे, फुटतं. रिपोर्ट आलाय तसा पुढे पाठवा, बाई."

मी नाही म्हणाले. आर्मोररकडून, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्याकडून, तीन रिकाम्या मॅगझीन मागवल्या: एक लोखंडी, एक प्लास्टिकची कोरी, आणि एक त्याच गार्डवरची, नंबर पुसून पुसून लिहिलेली. जमादारालाही बोलावून समोर उभं केलं.

"सरकारी वस्तू आहे," साहेब म्हणाले. "कोरी फुटली तर त्या पोरीबरोबर तुमचाही रिपोर्ट जाईल."

"जाऊ द्या."

कमरेइतक्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकल्या. लोखंडीच्या तोंडाची कड वाकली. आर्मोररने सरावाची खोटी गोळी भरून बघितली, ती अडकली. जमादार ज्या लोखंडाचे गोडवे गात होता, ते हे. कोरी प्लास्टिकची उडून टेबलाखाली गेली, तिच्यात गोळ्या सरळ बसल्या. तिसरी टाकली. फुटली नाही. साहेब गालात हसले. मी ती उचलली आणि परत टाकली. चीर गेली, बरोबर नंबराखालून.

जमादार म्हणाला, "थिनर काय मी एकटाच लावतो का? समदेच लावतात."

"सगळे लावतात. पोरीवर रिपोर्ट तुम्ही केलात."

साहेबांनी पंचनामा करायला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

पोरीची नोकरी राहिली. माझी पालमला बदली झाली. लोक हळहळले, मी हळहळले नाही. पालमलाही माणसंच राहतात.

या केसने मला एक शिकवलं. वस्तू ज्याच्या हातात फुटते, त्याला धरणं सोपं असतं. ती आधी कोणाच्या हातात होती आणि त्याने तिचं काय केलं, हे विचारायला कोणाला नको असतं, कारण उत्तर वरच्या माणसापर्यंत जातं. जाऊ द्यावं.

साहेबांना वाटलं होतं, बदलीने माझं तोंड बंद होईल. पालमला हजर झाले त्याच दिवशी मी शस्त्रांची खोली उघडायला लावली आणि थिनरचा डबा बाहेर काढून ठेवला.