नकाशांची खोली, मापांची खोली

"आधी नंबर सांगा. गाऱ्हानं मागून." खिडकीशी कुणीही आलं, की जुने कागद सांभाळणारे रेकॉर्डमामा चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे.

परभणीच्या आमच्या मोजणी कचेरीत मामांनी गावांचे नकाशे एका खोलीत ठेवले होते आणि शेतांच्या मापांची टिपणबुकं अंगणापलीकडच्या दुसऱ्या खोलीत. चिठ्ठीवर सर्वे नंबर लिहायचा आणि ती घेऊन पलीकडे जायचं. मी नवा कारकून, म्हणून दिवसाला वीस खेपा माझ्याच. वैशाखात तर डोकंच तापायचं.

"मामा, एकत्र ठेवू की सगळं!" मी वैतागायचो.

"इद्यापीठाच्या नामांतराचे दिवस हायेत बाबा. आज मोर्चा, उद्या बंद. एका खोलीचं काय बरंवाईट झालं तर दुसरी तरी राहील."

ते बरंवाईट मीच केलं. वालूरच्या नकाशांचा गठ्ठा मी आळसाने भिंतीलगत जमिनीवरच ठेवला. पंधरा दिवसांनी उचलला, तर वाळवीने त्याची चाळण केलेली. त्यातच गोदाबाईंचं शेत होतं. शेजाऱ्याने बांध कोरून त्यांची पट्टी नांगरली होती आणि मोजणी आठ दिवसांवर आली होती. नकाशा नाही म्हटल्यावर पट्टी गेलीच म्हणायची, आणि माझी नोकरीही.

आता माझा उद्धार होणार, असं वाटलं. मामांनी गठ्ठा झटकला. "वाळवीनं कागद खाल्लाय, जमीन न्हाई खाल्ली. मापं हायेत की पलीकडं."

चार दिवस मी मापं वाचत होतो आणि मामा रेघा ओढत होते. त्यांचा हात एरवी थरथरायचा, पण पट्टीला पेन्सिल टेकली की थांबायचा. एकदा मी सतराच्या जागी एकाहत्तर वाचलं. "आसं केलं तर शेत हिरीत जाईल. पुन्यांदा वाच," ते म्हणाले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. साहेबांनी नकाशा तपासून सही केली. वाळवी लागली, एवढंच मामांनी त्यांना सांगितलं. कुणामुळे, ते नाही.

मोजणीला मी गेलो. नव्या नकाशाने दाखवलं तिथे खणलं, तर हातभर खोल हद्दीचा दगड लागला. गोदाबाई त्याच्यावर हात ठेवून खालीच बसल्या.

पुढच्या हंगामात त्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन कचेरीत आल्या. मामांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग शेंगा माझ्याच टेबलावर ओतल्या.

"तुमच्यासाठीच आनल्यात, साहेब. मामाच म्हनले व्हते, नकाशा तुमी काढलाय म्हनून."