तांबडी बरी की निळी

आमच्या गोठ्यात म्हशींच्या शेजारी एकाच गाडीपुरती जागा होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते. दुसरी गाडी आली त्याच दिवशी त्यांनी बजावलं, "एक ठेवायची. दुसरी इकून टाका." ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मान डोलावली आणि दोन्ही गाड्यांवर ताडपत्री टाकली.

लग्नाआधी हे मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींत उतरायचे. त्यात एकदा गुडघा दुखावला. वळणावर तो पाय टेकवता येईना, तेव्हापासून ह्यांचं मन चार चाकांवर बसलं. चारही चाकं उघडी, मधे मोटारसायकलसारखं सीट आणि हँडल. धारूरच्या बाजारात लोक तिला चारचाकी फटफटी म्हणायचे. तांबडी ह्यांनी पुण्याकडून जुनी आणली. निळी एका मित्राची. तो परगावी नोकरीला गेला आणि जाताना ह्यांना स्वस्तात देऊन गेला. दोन्ही गाड्या एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या कंपन्यांच्या, इंजिनं जवळपास सारख्याच ताकदीची, आणि तरी स्वभाव अगदी निराळे.

तांबडी शर्यतीची. रुंद, बुटकी, अंगाने कडक. कमी वेगात ती धुसफुसत राहायची आणि एकदा का वेग चढला की सुटायची. तिला मागे जाण्याचा गिअर नव्हता. निळी अरुंद आणि मऊ. सीताफळाच्या झाडीतून, ओढ्यातल्या दगडगोट्यांवरून ती निमूट जायची, आणि खडकात अडकली तर उलटी घेता यायची. ह्यांना एका शर्यतीतही उतरायचं होतं आणि सुट्टीच्या दिवशी बालाघाटाच्या डोंगरवाटाही तुडवायच्या होत्या. दोन्हींत कामाला येईल अशी एक निवडायची होती.

"एकट्यानं काय कळत न्हाई," हे म्हणाले. "कुणीतरी बरोबर पळालं पायजे. तू बस."

"मी?"

"स्कूटी चालवतीस ना रोज शाळेला. हिला तर तोलबी धरायचा न्हाई."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे बायका ट्रॅक्टरवर बसतात त्या मागे, ट्रॉलीत. पण ह्यांचं असं होतं की एकदा मनात आलं की समोरच्यालाही ते साधंच वाटायला लागायचं. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे, तिथून पलीकडे किल्ला दिसतो. त्या माळावर ह्यांनी ट्रॅक्टर फिरवून लांबट गोल वाट केली होती. रविवारी सकाळी मी पंजाबी ड्रेसवर ह्यांचं जुनं जॅकेट चढवून निळीवर बसले.

स्कूटीसारखी मूठ पिळायची नसते, हे मला तिथे कळलं. उजव्या मुठीजवळ एक लहानसा दांडा असतो, तो अंगठ्याने ढकलून धरायचा. सोडला की गाडी मंदावते. म्हणजे सगळा वेग त्या एका अंगठ्यात.

"अंग आत टाक," वळणावर हे ओरडून सांगायचे. "गाडीला वळू दे, तू तिच्या आधी वळ."

तो हिवाळा फार सुखाचा गेला. हे पुढे, मी मागे, तोंडात मुरमाची धूळ. फेऱ्या झाल्या की दोन्ही गाड्या शेजारी लावून हे बोलत बसायचे. तांबडी सरळ वाटेवर भारी, पण खड्ड्यात कंबर मोडती. निळीची पुढची चाकं वळणावर घसरतात, पण लई वेळ चालवली तरी माणूस थकत न्हाई. मी ऐकायचे आणि डब्यातली भाकरी सोडायचे.

मग एका रविवारी मी ह्यांच्या पुढे गेले. निळीवरून, सरळ वाटेवर, जिथे तांबडीने मला केव्हाच मागे टाकायला हवं होतं. हे खूप हसले. घरी आल्यावर आत्यांनाही सांगितलं, "तुझ्या सुनेनं मला धूळ चारली." पुढच्या रविवारीही मीच पुढे. त्याच्या पुढच्या रविवारीही. ह्यांचं हसणं कमी झालं.

"तांबडीच्या दांड्याची केबल जड झालीय," हे म्हणाले.

नवी केबल टाकली. कार्बोरेटर उघडून धुतला. चेन बदलली. गाडी उभी असताना मी सहज तिचा दांडा ढकलून पाहिला, तो माझ्या गाडीइतकाच हलका होता. मला वाटलं, मलाच नीट कळत नसेल.

"अदलाबदल करू," हे म्हणाले. "तू तांबडी घे. मंग कळतंय गाडीचा दोष हाय का कशाचा."

मी तांबडीवर बसले. ती इतकी जोरात सुटली की पहिल्या वळणाला मी जवळजवळ वाटेबाहेर गेले. दुसऱ्या वळणावरून मागे पाहिलं तर निळी खूप लांब होती. हे अंगठ्याने नाही, तळहाताच्या कडेने दांडा दाबत होते, सगळं अंग उजवीकडे वाकवून. मी वेग कमी केला. हे जवळ येईपर्यंत मी रेंगाळत राहिले, मग मुद्दाम ह्यांच्या जरा मागेच राहिले.

हे थांबले. इंजिन बंद केलं. मीही बंद केलं.

"कावून हळू केलीस?"

"अंगठा दुखाया लागला."

"तुझा न्हाई दुखत." ह्यांनी हातमोजा काढला आणि हात माझ्यापुढे धरला. "हे बघ."

अंगठ्याखाली तळहाताला जो मांसाचा उंचवटा असतो, तो बसला होता. तिथे खळगा पडला होता. रोज जेवायला वाढताना हा हात माझ्यासमोर असायचा. शर्टाची बटणं लावायला ह्यांना वेळ लागतो हेही मी पाहिलं होतं, आणि थंडीने बोटं आखडली असतील असं धरून चालले होते.

संभाजीनगरला तपासण्या झाल्या. सुया टोचून नसा तपासल्या, मानेचा फोटो काढला. डॉक्टर वयाने आमच्याएवढेच होते. त्यांनी सावकाश सांगितलं की स्नायूंना हलायला सांगणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत. हे हातापासून सुरू झालंय, पुढे पायांत, जिभेत, छातीत उतरेल. औषधाने थोडं लांबवता येतं, थांबवता येत नाही.

ह्यांनी एवढंच विचारलं, "गाडी चालवता येईल?"

"ड्रायव्हर ठेवा," डॉक्टर म्हणाले. त्यांना मोटार वाटली. आम्ही दोघांनीही त्यांना दुरुस्त केलं नाही.

परत येताना एसटीत हे खिडकीबाहेर पाहत होते. मी काहीतरी बोलायला गेले तेव्हा म्हणाले, "निळीला मूठ बसवता येती. पिळायची. मनगट आजून चांगलं हाय."

त्यानंतर दोन गाड्यांची तुलना पुन्हा सुरू झाली, पण आता प्रश्न वेगळे होते. कुठल्या गाडीचा क्लच हलका. कुठलीवर बसताना पाय कमी उचलावा लागतो. कुठली पडली तर अंगावर कमी येईल. निळीला पिळायची मूठ बसवली. पावसाळ्यापर्यंत हे ती हळूहळू माळावर फिरवत होते, आणि आत्या खाली बांधावर उभ्या राहून पाहायच्या. त्यांनी आपणहून एक म्हैस बाहेर बांधली आणि गोठ्यात दुसऱ्या गाडीला जागा केली.

मग मनगट गेलं. हे माळाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि मी फेऱ्या मारायचे, एक तांबडीवर, एक निळीवर. हे डोळे मिटून आवाज ऐकायचे. वाटेने जाणारे लोक थांबून बघायचे, मास्तरीण गाडी पळवतीय आणि नवरा खुर्चीत. मला त्याची लाज वाटत नव्हती. फेरी संपवून आले की ह्यांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटायची.

एक दिवस जड जिभेने म्हणाले, "शर्यतीला तांबडी. पर ठेवायची तर निळी."

"का?"

"तुला झेपती."

ते ऐकून मी हेल्मेट काढलंच नाही. घर येईपर्यंत तशीच होते.

आता हे बोलत नाहीत. खाट पुढच्या खोलीत आहे. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. सुरुवातीला मी शाळेतून आले की फोनवर गाड्यांचे व्हिडिओ लावायचे, या कंपनीची नवी गाडी, त्या कंपनीची नवी गाडी, कुणीतरी परदेशी माणूस चिखलात दोन्ही पळवून सांगतोय कुठली चांगली. हे पाहायचे. मग एकदा पाहता पाहता ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही हात उठत नव्हता. मी विचारलं, "बंद करू?" ह्यांनी डोळे एकदा मिटले. पुन्हा मी तो विषय काढला नाही. ह्यांनाही पुन्हा काही पाहावंसं वाटलेलं मला दिसलं नाही.

कुशीवर वळवणं, पेज भरवणं, घशातला कफ काढणं, यात दिवस जातो. शाळेत असते तेवढा वेळ आत्या बसतात. त्यांच्याने उचलणं होत नाही. मध्यंतरी श्वास अडला तेव्हा दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की पुढच्या वेळी गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल, मग मशीनवर किती काळ ते सांगता येत नाही.

नळीचं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जिभेत थोडा जोर होता तेव्हाच ह्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "नळी नको. शब्द दे." मी दिला.

आत्या रोज म्हणतात, "सूनबाई, कायबी कर, नळी घाल, पर माझं लेकरू राहू दे डोळ्यांसमोर." त्यांनाही मी हो म्हणते. ह्यांच्यासमोरच म्हणते, कारण घर लहान आहे आणि आत्या हळू बोलत नाहीत. तेव्हा हे माझ्याकडे बघत असतात. डोळे मिटत नाहीत, एकदाही नाही आणि दोनदाही नाही.